रक्तजनक मूलपेशींचे वार्धक्य

अस्थिमज्जेत राहून आयुष्यभर रक्तपेशी पुरवणाऱ्या मूलपेशींत वयोमानाने होणारे बदल. म्हातारपणी या पेशी संपत येतात, हा समज खरा नाही. वृद्ध उंदरांत त्यांची संख्या उलट वाढलेली दिसते. पण दुसऱ्या उंदरात रोपण केल्या की त्या मज्जेत नीट रुजत नाहीत आणि दर पेशीमागे रक्तनिर्मिती कमी भरते. प्रत्यारोपणासाठी तरुण दाता पसंत करतात.

वयाबरोबर मूलपेशींचा कल मायलॉइड वंशाकडे (न्यूट्रोफिल, मोनोसाइट अशा पेशींच्या शाखेकडे) झुकतो. बी आणि टी या प्रतिकारपेशींचे पूर्वज घटतात. टी पेशींच्या बाबतीत थायमस (टी पेशी जिथे परिपक्व होतात ती छातीतली ग्रंथी) आक्रसण्याचाही त्यात मोठा वाटा असतो. मज्जेत चरबी वाढते, सौम्य दाह टिकून राहतो, टेलोमिअर (गुणसूत्रांची संरक्षक टोके) आखूड होतात.

खरा घोळ असतो तो पेशींच्या वंशांचा. प्रत्येक मूलपेशीत वर्षाला सुमारे १७ नवी उत्परिवर्तने (डीएनएतील कायमचे बदल) साचतात. बहुतेक निरुपद्रवी, पण डीएनएमटी३ए, टेट२ किंवा एएसएक्सएल१ या जनुकांतला बिघाड पेशीला वरचढ करू शकतो आणि तिची प्रजा, म्हणजे क्लोन, फोफावते. तरुणपणी हजारो मूलपेशी मिळून रक्त बनवतात. पंचाहत्तरीनंतर १०-२० क्लोनच निम्म्याच्या आसपास रक्त पुरवताना आढळले आहेत. ११५ व्या वर्षी वारलेल्या डच महिला हेंड्रिक्ये व्हान आन्डेल-शिपर यांच्या बहुतांश पांढऱ्या पेशी तर दोनच मूलपेशींच्या वंशातल्या निघाल्या.

रक्तविकार नसताना रक्तकर्काशी (रक्ताच्या कर्करोगाशी) संबंधित जनुकातील उत्परिवर्तन डीएनएच्या किमान २ टक्के प्रतींत सापडले, तर त्या स्थितीला ‘चिप’ (‘अनिश्चित परिणामाची क्लोनीय रक्तनिर्मिती’ या अर्थाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) म्हणतात. बदल सहसा जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत असतो, म्हणून २ टक्के प्रती म्हणजे सुमारे ४ टक्के पेशी. सत्तरीनंतर दहापैकी एकाहून अधिक व्यक्तींत ती आढळते. रक्तकर्काचा धोका वाढतो, तरी तो वर्षाला साधारण ०.५ ते १ टक्काच. हृदयविकाराचा वाढीव धोका व्यवहारात अधिक महत्त्वाचा. टेट२ बिघडलेल्या मॅक्रोफेज (जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या) पेशी जादा दाहकारक द्रव्ये सोडतात आणि धमन्यांतील थर वाढवतात, असे उंदरांत दिसले आहे.

गाठीच्या कर्करोगासाठी रक्तद्रवातील (रक्ताच्या पेशीविरहित द्रवातील) डीएनए तपासताना हेच क्लोन फसवतात: रक्तपेशीतला बदल गाठीचा समजला जातो आणि चुकीचे औषध निवडले जाऊ शकते. त्यामुळे त्याच नमुन्यातील पांढऱ्या पेशींचा डीएनएही वेगळा वाचून ताडून पाहावा लागतो. नुसत्या रक्तद्रवाच्या अहवालात टीपी५३ या जनुकातील बदल असेल, तर तो गाठीचा मानण्याआधी ही खातरजमा हवीच.