कोलोडियन बेबी: पापुद्रा सोलू नका, पाणी मोजा

जन्मतःच बाळाच्या अंगभर चकचकीत, पिवळसर, ताणून बसवल्यासारखा पापुद्रा असतो. त्याच्या ओढीने पापण्या बाहेर उलटतात आणि आतला लाल भाग दिसतो, ओठ नीट मिटत नाहीत, कान डोक्याला चपटे चिकटलेले असतात. पापुद्रा सुकू लागला की मान, काख आणि जांघेत चिरा पडतात. अशा बाळाला डॉक्टर कोलोडियन बेबी म्हणतात. साधारण एक ते तीन लाख जन्मांमागे असं एखादं बाळ असतं. त्यामुळे मुंबईतल्या मोठ्या प्रसूतिगृहात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सिस्टरनेही ते आधी पाहिलेलं असेलच असं नाही.

घरचे लोक मोबाइलवर शोधायला लागतात आणि हार्लेक्विन इक्थिओसिसचे फोटो समोर येतात. तो वेगळा आणि कितीतरी गंभीर प्रकार आहे. ते फोटो बाळाच्या आईला दाखवू नका. कोलोडियन बेबीचा पापुद्रा बहुधा दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळतो. त्यानंतर बहुतेक बाळांना इक्थिओसिस, म्हणजे जन्मभराची कोरडी, खवलेदार त्वचा असल्याचं कळतं. दहातल्या साधारण एका बाळाची त्वचा मात्र जवळजवळ नेहमीसारखी होते. आपलं बाळ यातलं कोणतं, हे पहिल्या दिवशी नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत खरा धोका पाण्याचा. त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो: मेलेल्या चपट्या पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडचा थर हा गिलावा. ट्रान्सग्लुटामिनेज-१ हे एन्झाइम पेशींचं कवच पक्कं बांधतं. ते बनवणाऱ्या टीजीएम१ जनुकात दोष असला, किंवा गिलाव्याची चरबी तयार करणाऱ्या वा वाहून नेणाऱ्या एखाद्या जनुकात असला, तर भिंत जाड दिसते पण पाझरते. पापुद्रा प्लास्टिकसारखा दिसत असला तरी त्यातून पाण्याची वाफ नेहमीच्या कित्येक पट वेगाने उडत राहते.

याचा हिशेब मांडून पाहू. तीन किलोच्या बाळाच्या अंगातून दिवसाला १०० मिली पाणी जास्तीचं उडालं असं धरा. एक मिली पाण्याची वाफ होताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता जाते, म्हणजे एकूण ५८ किलोकॅलरी. एवढ्या बाळाला दिवसाला साधारण ३०० ते ३६० किलोकॅलरी लागतात; त्यातला जवळजवळ सहावा हिस्सा नुसता वाफेत गेला. म्हणून हे बाळ गार पडतं, दूध पोटात जाऊनही वजन घेत नाही, आणि रक्तातलं सोडियम चढतं. ते लिटरला १३५ ते १४५ मिलिमोलच्या दरम्यान असायला हवं. १५० च्या वर गेलं की मेंदूला धोका. चढलेलं सोडियम उतरवायचंही सावकाश, २४ तासांत १० ते १२ च्या पुढे नाही. घाईने उतरवलं तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. ‘सलाइन भराभर का देत नाहीत’ असं नातेवाईक विचारतात, त्याचं उत्तर हे आहे.

मुंबईची दमट हवा इथे उपयोगाची नाही. बाहेर पावसाने भिंतींना ओल आली असली तरी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, एसी चालू असतो आणि आतली हवा कोरडी असते. बाळ जन्मल्यावर सवयीने उघड्या वॉर्मरखाली ठेवलं जातं. वरून येणाऱ्या त्या उष्णतेने पाणी आणखी वेगाने उडतं. म्हणून या बाळाला लवकरात लवकर काचेच्या पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये हलवतात. आत सुरुवातीला ६० ते ८० टक्के आर्द्रता आणि बहुधा ३२ ते ३४ अंशांच्या आसपास तापमान ठेवतात, आणि त्वचा सावरू लागली की आर्द्रता काही दिवसांत टप्प्याटप्प्याने खोलीइतकी खाली आणतात. जास्त ओलावा फार दिवस ठेवण्याचाही तोटा आहे: ओल्या हवेत स्युडोमोनास हा जिवाणू आणि कँडिडा ही बुरशी फोफावतात. आर्द्रतेच्या टाकीत निर्जंतुक पाणीच लागतं आणि ते रोज बदलावं लागतं. पेटीची खिडकी उघडली की ओलावा बाहेर जातो. डायपर, मलम, डोळ्यांचे थेंब, तापमान ही कामं म्हणूनच एका फेरीत उरकतात. आई-बाबांनीही बाळाला हात लावण्याची वेळ सिस्टरांच्या फेरीला जोडून घ्यावी.

डायपरचं वजन करणं हे पालकांना सहज जमणारं आणि खरोखर उपयोगी काम. कोरड्या डायपरचं वजन आधी लिहून ठेवायचं आणि ओल्याच्या वजनातून ते वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली लघवी. तीन किलोच्या बाळाला तासाला तीन मिलीहून कमी लघवी होऊ लागली तर लगेच सांगायचं. बाळाचं वजनही रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी व्हायला हवं.

मलम साधं असतं: व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, किंवा त्यात निम्मं लिक्विड पॅराफिन. त्याला सुगंध नको, रंग नको. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. मलम ट्यूबमधूनच घ्यायचं. डबा असेल तर निर्जंतुक चमच्याने काढायचं, बोट बुडवायचं नाही, आणि तो डबा दुसऱ्या बाळाला वापरायचा नाही. तळहातांवर जरा कोमट करून पातळ थर एकाच दिशेने फिरवायचा. रगडायचं नाही. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे चार ते सहा तासांनी पुन्हा. पापुद्र्याची कड सुटून वर आली की ती ओढून काढायचा मोह होतो, पण तो आवरा. खाली कच्ची त्वचा असते, ती फाटते आणि जंतूंना वाट मिळते. लोंबणारा तुकडा सिस्टर निर्जंतुक कात्रीने कापतात.

वजनाच्या मानाने नवजात बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट असते, आणि इथे तर ती गळकी. वर लावलेलं औषध रक्तात उतरतं. सॅलिसिलिक ॲसिडची मलमं मोठ्यांच्या इक्थिओसिसला चालतात, पण अशा बाळात त्यांनी विषबाधा झालेली आहे. युरिया आणि लॅक्टिक ॲसिडही नकोत. पोव्हिडोन-आयोडीनमधलं आयोडीन थायरॉइड दाबतं. बोरिक पावडर तर घरातच नको.

उलटलेल्या पापण्यांमुळे डोळा पूर्ण मिटत नाही, बुबुळ सुकतं आणि त्यावर जखम होते. दर काही तासांनी वंगणाचे थेंब, रात्री जेल, आणि नेत्रतज्ज्ञांची पहिल्याच दिवसांत तपासणी. पापण्यांना चिकटपट्टी लावून डोळा मिटवायचा नाही. बोटांभोवती पापुद्र्याची कडी आवळली जाते, तेव्हा प्रत्येक फेरीत बोटांचे रंग पाहा. बोट निळसर किंवा सुजलेलं दिसलं तर तातडीने सांगा. कावीळही पिवळसर पापुद्र्यावरून ओळखता येत नाही, त्यासाठी रक्तातलं बिलिरुबिनच तपासावं लागतं. जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही. अंग गार पडणं, दूध कमी घेणं, मलूल होणं, चिरांना वास येणं ही लक्षणं आहेत.

ओठ मिटत नसल्याने बाळाला स्तन नीट धरता येत नाही. म्हणून आईने पहिल्या तासाभरात चीक पिळायला सुरुवात करावी आणि मग दिवसातून आठ ते बारा वेळा दूध काढावं. बाळाला ते नळीने, आणि गिळता येऊ लागलं की बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने देतात. नळी बसवताना गालाला साधी चिकटपट्टी लावू नये, सिलिकॉनची पट्टी किंवा मऊ बँडेज वापरावं. आईचं दूध पुरत नसेल तर दूधपेढीबद्दल विचारा. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये आपल्याच सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. बाळ स्थिरावलं की डॉक्टरांना विचारून आई किंवा बाबा त्याला थोडा वेळ उघड्या छातीशी घेऊ शकतात.

घरी नेल्यावर मालिशवाल्या बाई, डाळीचं पीठ, हळद, काजळ, शेक-शेगडी यातलं काहीही नको. आजीला आधीच आणि आदराने समजावून सांगा, कारण ती हे सगळं प्रेमापोटीच करणार असते. धुरी आणि शेगडीचा धोका तर दुहेरी आहे. या बाळांच्या घामाच्या वाटा बुजलेल्या असतात, त्यामुळे अंग पटकन तापतं. शिवाय पॅराफिन मुरलेलं दुपटं ठिणगीनेही भडकन पेटतं आणि साध्या धुण्याने ते पॅराफिन पूर्ण निघत नाही. बारशाला ओवाळायचं असेल तर निरांजन बाळाजवळ आणू नका. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बाहेर काढू नका. अंग तापलं तर ओल्या फडक्याने पुसून पंखा लावा. कानात खवले साचून ऐकू कमी येतं, म्हणून कानही वरचेवर तपासून घ्या.

आईने ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली, असली बोलणी तिला बाळंतपणातच ऐकावी लागतात. ती खोटी आहेत. इक्थिओसिसच्या यातल्या बहुतेक प्रकारांत सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बाबांकडून येते, आणि दोघांची त्वचा अगदी निरोगी असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे अशा घरांत दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते, पण नात्यात लग्न नसतानाही हे होतं. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला हाच आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यासाठी या बाळाचं रक्त जनुक-तपासणीला आताच द्यावं, म्हणजे नेमका दोष हाती येतो. तो माहीत असेल तर पुढच्या खेपेला साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन निदान करता येतं. परळचं केईएम हे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालचं मुंबईतलं केंद्र आहे. डिस्चार्जच्या कागदावर त्वचारोग, नेत्रतज्ज्ञ आणि जनुकतज्ज्ञ या तिघांच्या तारखा लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.