चावी कुणाच्या हातात द्यायची: विमानतळाबाहेरच्या पार्किंगची पार्श्वभूमी

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून विमान पकडायचं असलं की आम्हा कोल्हापूरकरांची गाडी बहुतेक वेळा विमाननगर नाहीतर खराडीतल्या एखाद्या पाव्हण्याच्या सोसायटीत राहते. चावी मावसभावाकडं, वॉचमनच्या हातावर शंभराची नोट, आणि बारा दिवसांनी परत यावं तर बॅटरी उतरलेली. माझं दोनदा असं झालंय. रात्री अकरा वाजता मावसभाऊ झोपेतून उठून जंपर केबल शोधत फिरतोय, हे बघून जीव ओशाळा होतो.

याच अडचणीवर परदेशात एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. विमानतळाच्या हद्दीबाहेर मोकळी जागा घ्यायची, लोकांच्या गाड्या दिवसाच्या हिशेबानं सांभाळायच्या आणि प्रवाशाला आपल्या छोट्या बसनं टर्मिनलच्या दारात सोडायचं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची वाढ बघता आपणही याचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात अमेरिकेतली. 1958 मध्ये बोइंग 707 प्रवासी सेवेत आलं आणि जेटचा जमाना सुरू झाला. घराघरात मोटार होतीच, विमानतळ गावाबाहेर होते आणि तिथवर जायला बस-रेल्वे फारशी नव्हती. माणूस स्वतःची गाडी घेऊनच यायचा. टर्मिनलसमोरची जागा मात्र ठरलेली, आणि तिचा दर विमानतळाच्या हातात. कुंपणापलीकडं स्वस्त जमीन पडून होती. धावपट्टीच्या जवळ उंच इमारत बांधता येत नाही, आवाजामुळं घरंही कुणी घेत नाही. अशा जमिनीला पार्किंग चपखल बसतं: मुरूम पसरला, कुंपण घातलं, दिवे लावले की काम सुरू.

1967 मध्ये सेंट लुईस शहरात ‘पार्क एन फ्लाय’ नावाची कंपनी याच कामात उतरली. पुढं क्लीव्हलंड, ह्यूस्टन, बोस्टन, मेम्फिस, सॅन फ्रान्सिस्को अशी तिची ठाणी झाली. 1971 मध्ये तिला आपल्या नावाची नोंदणी मिळाली. तिकडं ओरेगनमधल्या पोर्टलंडला ‘डॉलर पार्क अँड फ्लाय’ नावानं दुसरा एकजण हाच धंदा करत होता. वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘गाडी लावा आणि उडा’ हे तर कामाचं साधं वर्णन आहे, त्यावर मालकी कसली, असा पोर्टलंडवाल्याचा मुद्दा होता. 1985 मध्ये न्यायालयानं निकाल दिला की, कायद्यानं पक्की झालेली नोंदणी नाव केवळ वर्णनात्मक आहे एवढ्या कारणानं मोडता येत नाही. ट्रेडमार्कच्या अभ्यासात हा खटला आजही शिकवतात. मुरमाच्या मैदानावरचा धंदा अठरा वर्षांत कुठवर पोचला, हे यावरून कळतं.

मधल्या काळात 1978 च्या कायद्यानं अमेरिकेत विमानभाडी आणि मार्ग सरकारी बंधनातून मोकळे झाले. तिकिटं स्वस्त झाली, प्रवासी वाढले, गाड्याही वाढल्या. बाहेरचे लोक आपलं गिऱ्हाईक नेतात हे विमानतळांच्या लक्षात आलं, तेव्हा आवारात येणाऱ्या त्यांच्या बसवर शुल्क किंवा उत्पन्नात वाटा लावण्याची रीत पडली. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर टर्मिनलपासून 300 फुटांच्या आत गाडी लावायला मनाई झाली, आणि आतल्या जागा अचानक कमी पडल्या.

ब्रिटनमध्ये सुट्टीच्या सहलींमुळं हीथ्रो आणि गॅटविकच्या आसपास हे पीक आलं. तिथं ‘मीट अँड ग्रीट’ नावाचा प्रकार रुजला: टर्मिनलवर माणूस उभा असतो, तुम्ही चावी द्यायची, गाडी तो घेऊन जातो. सोय उत्तम, पण गाडी नेमकी कुठं जाते हे मालकाला दिसत नाही. काहींच्या गाड्या चिखलाच्या शेतात उभ्या सापडल्या. मग मान्यताप्राप्त पार्किंगवाल्यांची यादी करायची वेळ आली.

चांगल्या ठिकाणी आतली शिस्त बघण्यासारखी असते. परतीच्या तारखेप्रमाणं रांगा लागतात. उद्या येणाऱ्याची गाडी पुढं, पंधरा दिवसांनी येणाऱ्याची मागं, एकाला एक चिकटून. त्यासाठी चाव्या जपाव्या लागतात, आणि विमान उशिरा आलं तर रात्री दोनलाही बस निघावी लागते.

भारतात हे उशिरा का? ड्रायव्हर आणि टॅक्सी परवडते, आणि सोडायला-आणायला घरचे असतात. 2008 मध्ये हैदराबाद आणि बंगळूरचे नवे विमानतळ शहरापासून लांब गेले तेव्हा दिवसादिवसांच्या पार्किंगचं गणित लोकांना कळू लागलं. पुण्यात लोहगावला 2022 मध्ये बहुमजली वाहनतळ आला, तोही विमानतळाच्या आवारातच.

आता आपलं. राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये सुरू झालेला आपला विमानतळ मधली कितीतरी वर्षं सुना होता. छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत 2018 पासून तो पुन्हा जागा झाला, 2019 मध्ये तिरुपतीचं विमान सुरू झालं, आणि 10 मार्च 2024 ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. सांगली, इचलकरंजी, निपाणी, गडहिंग्लजकडचा माणूस स्वतःच्या गाडीनं येतो आणि चार दिवस बाहेर राहतो. गोकुळ शिरगाव, तामगाव, मुडशिंगीच्या बाजूला उंचीची बंधनं असलेली जमीन आहे.

आणि मुळात हे काम आपल्याला नवीन नाही. स्टेशनजवळच्या सायकल स्टँडवर मिरजेला नोकरीला जाणारी माणसं सकाळी सायकल लावायची. पत्र्याचे दोन बिल्ले, एकाच नंबराचे: एक हँडलला, एक खिशात. रात्रीची पॅसेंजर तास-दीड तास उशिरा आली तरी स्टँडवाला कंदील लावून बसलेला असायचा, कारण रांगेत अजून सात सायकली उभ्या आहेत हे त्याला ठाऊक असायचं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गाड्या अलीकडं थांबवून भाविकांना बसनं डोंगरावर नेतात, तेही याच जातीचं काम.

उजळाईवाडीला कुणी हे सुरू केलं तर मी पहिली गाडी लावीन. मात्र आधी विचारीन: रात्रीचं विमान दोन तास लेट झालं, तर बस घेऊन कोण थांबणार?