मृत व्यक्तीच्या घरात राहिलेल्या दुसऱ्यांच्या वस्तू: त्या कोणी, कोणाला आणि कोणत्या कागदपत्रांवर परत द्यायच्या

घरातील व्यक्ती गेल्यानंतर वारस कपाटे उघडतात, तेव्हा आत सापडणारी प्रत्येक वस्तू तिच्याच मालकीची असते असे नाही. बहिणीने जपून ठेवायला दिलेले दागिने, भाच्याची पदवी प्रमाणपत्रे, शेजाऱ्यांचे शिलाई यंत्र, पूर्वीच्या भाडेकरूने ‘नंतर नेतो’ म्हणून माळ्यावर ठेवलेली ट्रंक, असे बरेच काही त्यात निघते. वाटणीच्या गडबडीत या वस्तू मृताच्या मालमत्तेत मिसळून जातात आणि पुढे त्यांवरून होणारे वाद मूळ वाटणीच्या वादापेक्षाही कडवट ठरतात. म्हणून वाटणीला हात घालण्यापूर्वी परक्यांच्या वस्तू कागदावर वेगळ्या काढणे हे पहिले काम समजावे. त्यासाठी भारतात लागू असलेल्या तरतुदी आणि व्यवहारात पाळायची पद्धत पुढे दिली आहे.

एखादी वस्तू मृताच्या ताब्यात असणे आणि ती त्याच्या मालकीची असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विशिष्ट हेतूने दुसऱ्याकडे सोपवलेल्या वस्तूंचे नियम भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 148 पासून पुढे आहेत. मोबदला न घेता सांभाळायला घेतलेल्या वस्तूबाबतचा व्यवहार ठेवणारा किंवा सांभाळणारा यांपैकी कोणाच्याही मृत्यूने संपतो, असे कलम 162 सांगते. हेतू किंवा मुदत संपल्यावर वस्तू मागणीची वाट न पाहता परत करावी, असे कलम 160 चे म्हणणे आहे, आणि तोपर्यंत सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणे कलम 151 नुसार बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे कोणी मागायला आलेच नाही’ हे उत्तर वारसांना म्हणूनच पुरेसे ठरत नाही. मृत्यूच्या वेळी मृताच्या ताब्यात असलेल्या मालाचा अप्रामाणिकपणे अपहार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 315 खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. त्या कलमातील कसोटी मृताच्या मालकीची नसून ताब्याची आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता वस्तू परत देण्याचा अधिकार कोणाला, ते पाहू. मृत्युपत्र असेल आणि त्यात व्यवस्थापक नेमलेला असेल तर हे काम त्याचे. न्यायालयाने प्रशासक नेमला असेल तर त्याचे. दोन्ही नसतील तर सर्व वारसांनी मिळून निर्णय घ्यावा आणि कागदावर सर्वांच्या सह्या असाव्यात. एकट्या वारसाने घाईने वस्तू देऊन टाकली आणि नंतर दुसरा वारस ‘ती आईचीच होती’ म्हणू लागला, तर देणाऱ्याची अडचण होते. वारस कोण हेच वादात असेल तर महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळवता येतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील वारसा प्रमाणपत्र मात्र येणी आणि रोखे यांच्यासाठी असते. ट्रंकेतील कपड्यांसाठी किंवा दागिन्यांसाठी ते मागत बसू नये. वस्तू खराब होऊ नयेत म्हणून त्या कुलूपबंद करणे, कोरड्या जागी हलवणे एवढ्यासाठी कोणत्याही दाखल्याची वाट पाहायची गरज नाही. याच अधिनियमाचे कलम 303 मृताच्या मालमत्तेत अनधिकाराने हात घालणाऱ्यावर जबाबदारी टाकते, पण केवळ जतनासाठी केलेली कृती त्यातून वगळते.

मागणी करण्यास मूळ मालक पात्र असतो, त्याने लेखी अधिकारपत्र दिलेली व्यक्ती पात्र असते आणि मालकही हयात नसेल तर त्याचे वारस पात्र असतात. अनेक सहमालकांनी मिळून ठेवलेली वस्तू, वेगळे काही ठरले नसल्यास, त्यांपैकी एकालाही परत देता येते (करार अधिनियमाचे कलम 165). मागणी करणाऱ्याने सहीचा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि मालकीचा पुरावा द्यावा. मालक मृत असेल तर त्याचा मृत्यू दाखला आणि वारसांची माहितीही जोडावी. पुरावा म्हणजे नेहमी पावतीच असे नाही. जुन्या समारंभाचे छायाचित्र, यंत्राचा अनुक्रमांक, विम्याचा कागद, ‘तुझी पेटी माझ्याकडे सुरक्षित आहे’ असा मृताने पाठवलेला संदेश, हे सगळे उपयोगी पडते. वारसांनी एक पथ्य मात्र जरूर पाळावे: वस्तू किंवा तिची यादी दाखवण्याआधी मागणाऱ्याकडून तिचे वर्णन लेखी घ्यावे. खरा मालक पाटलीच्या आतल्या बाजूची खूण सांगतो. केवळ ऐकून आलेल्या माणसाला ‘सोन्याच्या पाटल्या’ यापलीकडे सांगता येत नाही.

वस्तू ठेवायला दिली होती की भेट दिली होती, हा प्रश्न हमखास निघतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 123 नुसार जंगम वस्तूची भेट केवळ ताबा देऊनही पूर्ण होते, त्यामुळे हा वाद कागदाने क्वचितच मिटतो आणि साक्षीदारांचे जबाब त्याच वेळी लिहून घेणे मोलाचे ठरते.

सर्वांत नाजूक जागा बँकेच्या लॉकरची. लॉकर सासूच्या नावावर आणि आत तिच्या वस्तूंबरोबर सुनेचे दागिने, अशी स्थिती असंख्य घरांत असते. लॉकरमधील वस्तू नामनिर्देशित व्यक्तीच्या (नॉमिनीच्या) हाती देण्यापूर्वी बँक साक्षीदारांसमोर यादी करते. पण रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या सूचनांनुसार आत सापडलेली मोहोरबंद पाकिटे उघडून पाहण्याचे बंधन बँकेवर नाही. म्हणजे बँकेच्या यादीत ‘एक बंद पाकीट’ एवढीच नोंद राहू शकते. ते घरी उघडताना सर्व वारस आणि दावा सांगणारी व्यक्ती समोर असावी, पाकिटावरील नाव-चिठ्ठी काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, प्रत्येक नगाचे वजन लिहावे आणि दुसरी यादी तिथल्या तिथे सह्यांनिशी पूर्ण करावी. लॉकरमधील वस्तूंवर तिसऱ्या व्यक्तीने सांगितलेला दावा, न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय, बँक विचारात घेऊ शकत नाही. त्यामुळे सुनेने बँकेत अर्ज करण्याऐवजी नामनिर्देशित व्यक्तीकडे आणि वारसांकडे लेखी मागणी करावी. नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती वस्तू येतात, पण तेवढ्याने ती त्यांची मालक होत नाही. स्त्रीधन ही त्या स्त्रीची संपूर्ण मालकीची मालमत्ता असून ते सासरच्यांकडे केवळ विश्वासाने सोपवलेले असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. असे दागिने सासूच्या मालमत्तेत धरून वाटणे हा सुनेवर उघड अन्याय आहे, मग वाटणीपत्रावर कितीही सह्या असोत.

घरातील वस्तूंसाठी पद्धत साधी आहे. दोन त्रयस्थ साक्षीदारांसमोर खोलीवार यादी करावी आणि शंका असलेल्या प्रत्येक वस्तूपुढे ती कोठे मिळाली, कोणत्या स्थितीत होती आणि तिच्यावर काय लिहिलेले होते ते नोंदवावे. संभाव्य मालकाचा पत्ता माहीत असल्यास पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवून साधारण 30 दिवसांची मुदत द्यावी. कायद्याने ठरावीक दिवस घालून दिलेले नाहीत, मात्र मुदत वाजवी असली पाहिजे. वस्तू देताना पावती घ्यावी आणि तिचा मजकूर नेमका असावा: ‘यादीतील अनुक्रमांक 14 येथील लोखंडी ट्रंक, कुलूप न तोडलेल्या स्थितीत, मला आज मिळाली. ती माझ्या मालकीची असून दुसऱ्या कोणी तिच्यावर हक्क सिद्ध केल्यास होणारे नुकसान मी भरून देईन.’ मौल्यवान वस्तूंसाठी हाच मजकूर मुद्रांकावर नुकसानभरपाई बंधपत्र म्हणून करून घ्यावा. प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) किंवा प्रशासनपत्र (प्रशासकाला न्यायालयाने दिलेले अधिकारपत्र) घेतले असेल तर ते मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एक वर्षात हिशेब न्यायालयाला सादर करावा लागतो (उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 317), त्या वेळी या पावत्या कामी येतात.

काही वस्तू मात्र वारसांनी स्वतःजवळ ठेवू नयेत. दुसऱ्याच्या परवान्यावरील शस्त्र सापडल्यास त्याला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे आणि जमा केल्याची पावती घ्यावी. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. धारक सापडत नसेल तर तो पासपोर्ट कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात द्यावा. वाहन नोंदणी पुस्तिकेतील नावाच्या व्यक्तीलाच द्यावे.

मालक येतच नसेल तर लगेच विक्रीचा विचार करू नये. सापडलेल्या वस्तूबाबत करार अधिनियमाच्या कलम 169 मध्ये विक्रीची मुभा आहे, पण वाजवी शोध घेऊनही मालक मिळत नाही किंवा तो रास्त खर्च देण्यास नकार देतो, आणि शिवाय वस्तू नाश पावण्याच्या अथवा तिची बहुतांश किंमत जाण्याच्या बेतात आहे किंवा सांभाळण्याचा रास्त खर्च किमतीच्या दोन तृतीयांशाला पोहोचला आहे, अशाच स्थितीत. वारसांनी हीच कसोटी स्वतःला लावावी आणि विकावेच लागले तर रक्कम मालकाच्या नावे वेगळी ठेवावी. एकाच वस्तूवर दोघे हक्क सांगत असतील आणि वारसांना ती नको असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 88 खाली दावा दाखल करून वस्तू न्यायालयात जमा करण्याची परवानगी मागता येते. मग मालकी कोणाची हे न्यायालय त्या दोघांमध्ये ठरवते आणि वारसांना आपला खर्च मागता येतो. याउलट वारसांनीच नकार दिला असेल, तर ठेवायला दिलेली जंगम वस्तू परत मिळवण्यासाठी मुदत अधिनियम, 1963 च्या अनुच्छेद 70 नुसार मालकाला तीन वर्षे मिळतात. ही मुदत मागणी केल्यानंतर नकार मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून मागणी आणि नकार दोन्ही लेखी असू द्यावेत.