अर्थ फॉल्ट रिलेचे सेटिंग (भूदोष संरक्षण)

वीजवाहिनीचा एखादा फेज जमिनीला, खांबाला किंवा झाडाच्या फांदीला टेकला की प्रवाह जमिनीतून रोहित्राच्या न्यूट्रलकडे परततो. तो ओळखून ब्रेकर उघडणारा रिले किती प्रवाहाला जागा व्हावा आणि किती वेळाने ट्रिप द्यावा, हे ठरवणे म्हणजे त्याचे सेटिंग. खांबांवरून जाणाऱ्या वाहिन्यांवरचे बहुसंख्य दोष याच जातीचे असतात. उपकेंद्रातला ऑपरेटर ‘फीडर (उपकेंद्रातून निघणारी वाहिनी) ईएफवर (अर्थ फॉल्टवर) गेला’ म्हणतो, तो हाच रिले.

तीन फेजच्या सीटींच्या (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे वाहिनीतला मोठा प्रवाह रिलेसाठी लहान करणारे साधन) दुय्यम तारा एकत्र आणल्या की त्या सामाईक वाटेत तिन्ही प्रवाहांची बेरीज मिळते. निरोगी तीन-तारी वाहिनीत ही बेरीज जवळपास शून्य असते. 11 केव्हीवरील वितरण रोहित्रांची उच्चदाब बाजू डेल्टा (न्यूट्रल नसलेल्या त्रिकोणी) जोडणीची असल्याने गावात एकाच फेजवर जास्त घरे जोडली गेली, तरी तो असमतोल 11 केव्हीच्या बाजूला या बेरजेत दिसत नाही. ओव्हरकरंट रिले (फेजमधल्या जादा प्रवाहाला ट्रिप देणारा) लोडच्या वर ठेवावाच लागतो. अर्थ फॉल्ट रिलेला ते बंधन नाही, म्हणून तो सीटीच्या 10 ते 20 टक्क्यांवर ठेवता येतो. लघुदाबाच्या चार-तारी जाळ्यात मात्र न्यूट्रलमधून असमतोल सतत वाहतो. तिथे न्यूट्रलवरचा चौथा सीटी बेरजेत धरला नाही, तर रिले विनाकारण ट्रिप देत राहतो.

पिकअप (ज्या प्रवाहाला रिले जागा होतो तो) कमी ठेवण्याचे खरे कारण जमिनीत आहे. नाशिक जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे. निफाडकडे खोल काळी माती, तर सिन्नर, येवला, नांदगावच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी पातळ थराखाली लगेच कातळ. 11 केव्हीचा फेज-व्होल्टेज सुमारे 6,350 व्होल्ट. 200/1 सीटीच्या (200 अँपिअरचे 1 अँपिअर करणाऱ्या) फीडरवर 20 टक्के सेटिंग म्हणजे 40 अँपिअर. भागाकार केला तर दोषाच्या वाटेचा रोध सुमारे 160 ओहमच्या पुढे गेला की रिले जागाच होत नाही. उन्हाळ्यात कोरड्या खडकावर पडलेल्या तारेला 300 ओहम मिळाले, तर प्रवाह जेमतेम 21 अँपिअर, आणि तार जिवंतच राहते. तीच तार द्राक्षबागेच्या मांडवावर पडली, तर ओळीने जमिनीत रोवलेल्या अँगलमुळे प्रवाहाला अनेक वाटा मिळतात आणि फीडर ट्रिप होण्याची शक्यता वाढते. पण ट्रिप होईपर्यंत मांडवाची सगळी तारजाळी विजेखाली असते. अशा वेळी दशांश सेकंदांनाही किंमत असते. तिन्ही फेज एकाच कड्यातून नेणारा कोअर बॅलन्स सीटी वापरला, तर काही अँपिअरपर्यंत खाली उतरता येते. तरीही जिवंत राहिलेली प्रत्येक तुटकी तार रिले पकडतो, असा दावा कोणी करू नये.

वेळेसाठी आयडीएमटी वक्र वापरतात: प्रवाह जितका मोठा, तितका ट्रिपचा वेळ कमी, पण एका किमान मर्यादेपर्यंतच. प्रमाणित वक्रात प्रवाह पिकअपच्या जितक्या पट असेल त्या संख्येचा 0.02 घात घेऊन त्यातून 1 वजा करतात, 0.14 ला त्या उत्तराने भागतात आणि टीएमएस या वेळेच्या गुणकाने गुणतात. दहा पटींना मूळ वेळ (टीएमएस 1 धरून) 2.97 सेकंद येतो. जुन्या विद्युतचुंबकीय रिलेच्या पाटीवर तो तीन सेकंद असा लिहिलेला असतो.

चूक होते ती समन्वयात, म्हणजे दोषाजवळचा रिले आधी आणि त्याच्या मागचा नंतर ट्रिप देईल असे वेळ ठरवण्यात. आउटगोइंग फीडर वरीलप्रमाणे 40 अँपिअर, टीएमएस 0.1, इनकमर (सगळ्या फीडरना वीज देणारा मुख्य ब्रेकर) 400/1 सीटीवर 20 टक्के म्हणजे 80 अँपिअर, टीएमएस 0.15, असे समजू. वाहिनीच्या टोकाला 400 अँपिअरचा दोष आला, तर फीडर 0.30 सेकंदात आणि इनकमर 0.64 सेकंदात ट्रिप देईल. अंतर 0.34 सेकंद, कागदावर सगळे ठीक. आता दोष उपकेंद्राच्या फाटकाशीच, 1,600 अँपिअरचा घ्या. फीडरला तो 40 पट आहे, पण अनेक रिलेंत 20 पटींच्या पुढे वक्र सपाट होतो, म्हणून वेळ 0.23 सेकंद, इनकमरला नेमका 20 पट, वेळ 0.34 सेकंद. अंतर उरले 0.11. एवढ्यात ब्रेकर उघडून ठिणगी विझेलच, याची खात्री नाही. मग एका फीडरच्या दोषापायी अख्खे बसबार (ज्यावरून सगळे फीडर निघतात ती सामाईक पट्टी) अंधारात जाते. इनकमरचा टीएमएस 0.25 केला की त्याचा वेळ 0.57 सेकंद होतो आणि अंतर पुन्हा 0.34 वर येते. संगणकीय रिलेंसाठी साधारण 0.25 ते 0.3 आणि जुन्या चकतीच्या रिलेंसाठी 0.4 सेकंद अंतर धरतात. ते सर्वांत मोठ्या दोषाला तपासायचे.

33/11 केव्हीचे रोहित्र डेल्टा-स्टार असते, ही मोठीच सोय. स्टार बाजूच्या भूदोषाचा शून्यक्रम प्रवाह (तिन्ही फेजांच्या बेरजेत दिसणारा भाग) डेल्टा ओलांडत नाही, म्हणून 33 केव्हीकडील अर्थ फॉल्ट रिलेला 11 केव्हीसाठी थांबायची गरज नसते आणि तो कमी वेळेवर ठेवता येतो. ओव्हरकरंट रिलेला ही सवलत नाही. त्याला 11 केव्हीचा भूदोष दोन फेजांत दिसतोच. रोहित्राच्या आतल्या दोषासाठी रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्ट रिले वेगळा असतो. त्याची हद्द सीटींनी बांधलेली असल्याने तो तत्काळ ट्रिप देतो.

सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहतींत आणखी एक पायरी वाढते: उच्चदाब ग्राहकाचा स्वतःचा ब्रेकर. फीडरच 0.1 टीएमएसवर असेल, तर त्याच्याखाली वक्राला जागा उरत नाही. ग्राहकाकडे तत्काळ किंवा अत्यल्प ठराविक वेळेचा घटक लावावा लागतो. मात्र मोठी मोटर सुरू होताना किंवा रोहित्र चार्ज करताना एखादा सीटी संपृक्त झाला (त्याचा चुंबकीय गाभा भरून तो प्रवाह नीट दाखवेनासा झाला), तर बेरजेत खोटा प्रवाह दिसतो. त्यावर पिकअप वाढवण्यापेक्षा रिलेच्या मंडलात स्थिरीकरण रोधक घालणे किंवा कोअर बॅलन्स सीटी बसवणे चांगले.

मृगाच्या पहिल्या सरींत धुळीने माखलेले इन्सुलेटर ओले झाले की फीडर वारंवार पडतात आणि सेटिंग 20 चे 40 टक्के करण्याचा आग्रह सुरू होतो. तसे केले की ट्रिपिंग घटते, पण रिलेला दिसणाऱ्या रोधाची मर्यादाही 160 ओहमवरून 80 वर येते. उपाय पेट्रोलिंग, फांद्यांची छाटणी आणि तडे गेलेले इन्सुलेटर बदलणे हाच. रिलेच्या पॅनलवर तो सापडत नाही.

सेकंडरी इंजेक्शन चाचणीत (थेट रिलेला प्रवाह देऊन) पिकअप आणि वेळ तपासले जातात, पण सीटीची जोडणी तपासली जात नाही. एका फेजचा सीटी उलटा जोडला गेला, तर समतोल लोडमध्येही बेरीज लोडच्या दुप्पट येते. 40 अँपिअर पिकअपचा फीडर 20 अँपिअरलाच जातो आणि ठपका सेटिंगवर ठेवला जातो. म्हणून प्रायमरी इंजेक्शन (सीटीच्या मुख्य बाजूतून प्रवाह सोडून चाचणी) करतात, आणि लोड आल्यावर सामाईक वाटेतला प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजतात. तो शून्याजवळ नसेल, तर आधी सीटीची जोडणी तपासायची. सेटिंगला नंतर हात लावायचा.