पार्श्वभूमी : आमदार अपात्र की पात्र, हे अध्यक्ष का ठरवतात?

आमदार फुटतात, उरलेला पक्ष अपात्रतेची याचिका दाखल करतो, विधानसभेचे अध्यक्ष नोटिसा काढतात आणि मग महिनोन्‌महिने काही हलत नाही. महाराष्ट्राला हा क्रम आता पाठ झाला आहे. पक्षांतरबंदीचा कायदा असूनही असं का होतं, ते समजायला 1967 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी हरियाणातल्या हसनपूरचे अपक्ष आमदार गया लाल यांनी एका पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली आणि ‘आया राम, गया राम’ हा शब्दप्रयोग देशभर रुजला. पण लक्षात ठेवण्याजोगे आकडे नंतर आले. पक्षांतराचा अभ्यास करायला तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च 1967 ते फेब्रुवारी 1968 या वर्षभरात सुमारे 438 पक्षांतरं झाल्याचं तिला आढळलं. ज्या राज्यांत पक्षांतरामुळे सरकारं बदलली, तिथल्या 210 फुटीर आमदारांपैकी 116 जण नव्या सरकारात मंत्री झाले होते. म्हणजे निम्म्याहून जास्त! विचारभेदाने माणसं पक्ष सोडतात, हे खरंच आहे; पण हा आकडा विचारभेदाचा वाटत नाही.

समितीच्या अहवालानंतर कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं गेली. 1973 आणि 1978 चे प्रयत्न बारगळले. राजीव गांधी प्रचंड बहुमत घेऊन आले आणि 30 व 31 जानेवारी 1985 या दोन दिवसांत बावन्नावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली. राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, जन्माला आला तो या घाईत. पक्ष सोडला किंवा पक्षादेश (व्हिप) मोडून मतदान केलं तर सदस्यत्व जाणार, हे त्यात आलं. मात्र एक तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती ‘फूट’ आणि त्यांना संरक्षण. एकटा गेला तर गुन्हा, टोळीने गेले तर मोकळे. ही पळवाट 2003 मध्ये एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने बुजवली, पण दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट उघडीच राहिली. गोव्यात 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिर, चर्च आणि दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले.

माझ्या मते मात्र खरं दुखणं वेगळंच आहे. निवाडा करायचा अधिकार दिला तो अध्यक्षांना, आणि त्यासाठी मुदत कुठेच लिहिली नाही. अध्यक्ष निवडून येतात ते पक्षाच्या तिकिटावर, त्या खुर्चीवर टिकतात ते सभागृहातल्या बहुमतावर. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयात किहोतो होलोहान खटल्यात पाचपैकी दोन न्यायमूर्तींनी नेमकं हेच म्हटलं होतं, पण तीन जणांच्या बहुमताने अध्यक्षांचा अधिकार कायम राहिला. न्यायालयात दाद मागता येईल, हे ठरलं; पण साधारणपणे अध्यक्षांनी निर्णय दिल्यावरच. त्यामुळे निर्णयच न देणं हा सर्वांत सोयीचा मार्ग ठरला.

महाराष्ट्रात जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल 11 मे 2023 रोजी आला : पक्षादेश काढण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे सभागृहातल्या आमदारांच्या गटाचा नाही, राजकीय पक्षाचा आहे, राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं योग्य नव्हतं, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचा प्रश्न पुन्हा अध्यक्षांकडेच गेला. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निर्णय आला 10 जानेवारी 2024 रोजी. दोन्ही गटांतलं कोणीही अपात्र ठरलं नाही. फुटीला तोवर दीड वर्ष उलटून गेलं होतं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यात नवी निवडणूक झाली. पाच वर्षांसाठी दिलेल्या मताचा हिशेब मतदाराला त्या मुदतीत मिळाला नाही, हे मला फार गंभीर वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलं होतं, की अपवादात्मक परिस्थिती वगळता तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. हे काम निवृत्त न्यायाधीशांच्या कायमस्वरूपी लवादाकडे द्यावं का, याचा संसदेने विचार करावा, असंही न्यायालयाने तेव्हा सुचवलं होतं. जुलै 2025 मध्ये तेलंगणातल्या दहा आमदारांच्या प्रकरणात न्यायालयाला अध्यक्षांना पुन्हा तीन महिन्यांचीच मुदत घालून द्यावी लागली.