पट्टी पुसू नये म्हणून: ब्राउझरमधल्या साठवणुकीची पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू आहेत, दिवाणजी मोबाइलवर पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, भरतोय. नाव, पोती, वजन, दर. रेंज जाते, पान रिफ्रेश होतं, की सगळं पुन्हा कोरं. अशा वेळी आपण जावास्क्रिप्टमध्ये लोकलस्टोरेजच्या, म्हणजे ब्राउझरमध्येच डेटा ठेवायच्या सोयीच्या, दोन ओळी लिहून मोकळे होतो. पण या दोन ओळी यायला पंधरा वर्षं लागली.

सुरुवात कुकीपासून, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीपासून. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुलीने ती आणली. जागा जेमतेम ४ केबी, आणि प्रत्येक विनंतीबरोबर ती सर्व्हरकडे जाणार. सर्व्हरने गिऱ्हाईक ओळखावं एवढ्यासाठीच ती होती. तिच्यात माल भरणं हा आपला जुगाड. पुढे इंटरनेट एक्सप्लोररचं यूजरडेटा आलं, फ्लॅशची साठवण आली, २००७ मध्ये गूगल गिअर्स आलं. ज्याची त्याची वेगळी तऱ्हा.

लोकलस्टोरेज २००९ च्या सुमारास फायरफॉक्स ३.५ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये आलं. साधारण ५ एमबी जागा, ठेवायला सेटआयटम, काढायला गेटआयटम, संपलं. माझ्या मते ते टिकलं ते या साधेपणामुळेच, कारण खोडी कमी नाहीत. ते फक्त अक्षरमाळाच साठवतं. दर १४५०० ठेवला, परत काढून त्यात हमालीचे ५० मिळवले, तर उत्तर १४५५० नाही, १४५००५० येतं! शेतकरी खूश, अडत्याचं दिवाळं. म्हणून जेसनमध्ये (डेटा मजकुराच्या रूपात लिहायच्या पद्धतीत) बांधून ठेवायचं, काढताना सोडवायचं. शिवाय वाचन-लेखन चालू असेपर्यंत पान अडून राहतं. डेटा थोडा असेल तर ते जाणवत नाही, इतकंच.

मोठ्या साठ्यासाठी वेब एसक्यूएल हा ब्राउझरमधला डेटाबेस होता, पण २०१० मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने तो सोडून दिला. कारण गमतीदार आहे: तो देणाऱ्या सगळ्या ब्राउझरांनी आतून एसक्यूलाइट हा एकच तयार डेटाबेस वापरला होता, आणि मानक ठरायला वेगवेगळ्या स्वतंत्र रचना लागतात. त्या जागी इंडेक्सडडीबी आलं, २०१५ मध्ये त्याचं मानक झालं. ताकद भरपूर, पण वापरायला किचकट. त्यामुळे लोकलफोरेजसारख्या लायब्रऱ्या निघाल्या: आत इंडेक्सडडीबी, वरून तेच सेटआयटम.

'कायमस्वरूपी' या शब्दावर मात्र फार विसंबू नका. मार्च २०२० पासून ॲपलचा सफारी ब्राउझर सात दिवस वापरूनही त्यात तुमच्या साइटला कुणी हात लावला नाही, तर स्क्रिप्टने साठवलेलं सगळं तो पुसतो. लोकलस्टोरेजही आणि इंडेक्सडडीबीही. पक्की पट्टी सर्व्हरवर पोचेपर्यंतचा कच्चा खर्डा, एवढंच काम त्याला द्यावं.