ग्रह व कृत्रिम उपग्रहांचे हौशी निरीक्षण

नुसत्या डोळ्यांनी किंवा साध्या द्विनेत्रीने रात्रीच्या आकाशातले ग्रह आणि कृत्रिम उपग्रह ओळखण्याचा छंद. दोघेही सूर्याच्या उसन्या प्रकाशावर चमकतात, फरक चालीचा. ग्रह सरकल्याचे कळायला काही रात्री लागतात, तर खालच्या कक्षेतला उपग्रह पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडतो.

बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाच ग्रह नुसत्या डोळ्यांना दिसतात. तारे लुकलुकतात, ग्रह शांत तेवतात, ही खूण सर्वांना ठाऊक असते. क्षितिजालगत मात्र ती दगा देते, तिथे शुक्रही थरथरतो. खरी भरवशाची खूण जागेची. ग्रह राशिचक्राचा पट्टा सोडत नाहीत, त्यामुळे रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा एकदा ओळखीच्या झाल्या की त्यांच्या वाटेवरचा परका ठिपका लगेच नजरेत भरतो. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे जात नाही. मध्यरात्री माथ्यावर झळकणारा पांढरट ग्रह बहुधा गुरूच.

या चाली मराठी घरांना पंचांगातून आधीच माहीत आहेत. गुरू सुमारे १२ वर्षांत राशिचक्र फिरून येतो, म्हणून नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी. शनी एका राशीत अडीचेक वर्षे काढतो. अशा तीन राशी मिळून साडेसाती. फलित बाजूला ठेवावे, पण हे आकडे गच्चीवरून स्वतः पडताळण्यात मोठा आनंद आहे. १०×५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री कठड्याला टेकवून धरली, तर गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चंद्र दिसतात आणि दुसऱ्या रात्री त्यांची मांडणी बदललेली असते. शनीच्या कड्यांसाठी मात्र छोटी दुर्बीण हवी.

उपग्रहांची वेळ म्हणजे सूर्यास्तानंतरचे किंवा सूर्योदयापूर्वीचे दीड-दोन तास. जमिनीवर काळोख पडलेला असतो, वर अजून ऊन असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक (१९९८ पासून कक्षेत) सुमारे ४०० किमी उंचीवरून दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करते. ते पश्चिमेच्या बाजूने वर चढते. विमानासारखे लुकलुकणारे दिवे नाहीत, आवाज नाही. संध्याकाळच्या फेरीत पूर्वेकडे उतरताना ते अनेकदा अर्ध्या वाटेतच पृथ्वीच्या सावलीत शिरते. काही सेकंदांत ठिपका पिवळट, मग तांबूस होतो आणि विझतो. स्थानकावर तेव्हा सूर्य मावळत असतो. नवख्याला पहिल्यांदा हेच दाखवावे.

मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या उपग्रह-इंटरनेट सेवेचे, पहिले ६० उपग्रह सुटले. प्रक्षेपणानंतरचे काही दिवस असे उपग्रह माळेसारखे एकामागून एक जाताना दिसतात. दृश्य विलोभनीय खरे, पण दुर्बिणींच्या छायाचित्रांवर त्यांचे ओरखडे उमटतात, ही खगोलशास्त्रज्ञांची तक्रार रास्त आहे.

महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने आकाश बहुतेक मिटलेले असते. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे, तर मुंबईकर अमावास्येच्या आसपास वांगणीसारख्या ठिकाणी रात्र जागवतात.